थोरलीची हिरवी पट्टी

माझ्या थोरल्या वहिनीच्या पोटात दुखायला लागलं ते तिची बहीण जन्मली त्या दिवसापासून. वडिलांनी तिला पाळण्याजवळ नेऊन बाळ दाखवलं, तेव्हा तिने नीट वाकून बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे. आता परत देऊन या." ही गोष्ट तिची आई येईल त्या पाहुण्याला हसत हसत सांगायची. थोरली हसायची नाही. तिच्या मते वडिलांनी तेव्हाच तिचं ऐकायला हवं होतं.

ऐकलं तर नाहीच, वर पुढे कहर असा झाला की ती धाकटी तिच्या मागोमाग आमच्या घरात आली. माझ्या दोन भावांनी त्या दोन बहिणी केल्या, थोरल्याने थोरली आणि धाकट्याने धाकटी. लग्नही एकाच दिवशी उरकलं. लग्न झालं की हिच्यापासून सुटले, असं थोरलीला लहानपणापासून वाटत आलं होतं, आणि सासरी येऊन बघते तर शेजारच्या खुर्चीत हीच. आमच्याकडे तो लग्नाचा फोटो आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि थोरली धाकटीच्या गळ्यातल्या हाराकडे.

मी त्यांची नणंद. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका गॅलरीत ओळीने तीन खोल्या आहेत. कडेच्या दोन त्या दोघींच्या आणि मधली माझी. लग्न मी केलं नाही. जमलं नाही म्हणा किंवा जमवलं नाही म्हणा. शाळेची व्हॅन चालवते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं नेते-आणते आणि घरी आल्यावर दोन पातळ भिंतींच्या मध्ये बसते. डाव्या भिंतीतून धाकटीचं हसणं येतं आणि उजव्या भिंतीतून थोरली विचारते, "काय एवढं हसायला झालंय तिला?"

धाकटीने पाच लिटरचा कुकर आणला की थोरली सात लिटरचा आणणार आणि तीन माणसांचा भात त्याच्या तळाशी शोधत बसणार. धाकटीच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, म्हणून थोरलीने आपल्या खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा टांगून ते ऊन वळवायचा खटाटोप केला होता. एकदा धाकटीची दाढ काढली. गाल सुजला, गॅलरीतल्या बायका विचारपूस करायला आल्या, कोणी मऊ खायला आणून दिलं. थोरली दोन दिवस भांडी आपटत होती. मी चेष्टेने म्हटलं, "वहिनी, तूही एक काढून घे." तिने दाताच्या डॉक्टरकडे खरंच चौकशी केली होती, हे मला फार पुढे कळलं.

माझा मात्र तिने कधी मत्सर केला नाही. मत्सर करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. नवरा नाही, पोर नाही, ऊन नाही. माझ्याशी ती गोड वागायची. मला ती "ड्रायव्हरीणबाई" म्हणायची आणि माझ्यासमोर धाकटीचं गाऱ्हाणं मोकळेपणाने मांडायची. खरं सांगायचं तर मला ते लागायचं. ज्याचा कोणीच हेवा करत नाही, त्याची या घरात मोजदादच होत नव्हती.

थोरली अंड्यांच्या गोदामात कामाला होती. शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक लाकडी खोकं, त्याच्या आत दिवा आणि वर अंडं टेकेल एवढं भोक. दिवसभर त्या भोकावर एकेक अंडं धरायचं, फिरवायचं आणि आतलं बघायचं. कवचाला तडा असेल तर पांढरी रेघ उजळते, रक्ताचा ठिपका असेल तर सावली दिसते. चांगलं अंडं पहिल्या ट्रेमध्ये, बरं दुसऱ्यात, उरलेलं तिसऱ्यात. माल आणणारे लोक काय करायचे, तर मळकी अंडी ओल्या फडक्याने पुसून आणायचे, म्हणजे पहिल्या ट्रेमध्ये जावीत. थोरलीला पुसलेलं अंडं हातात घेताच कळायचं. "पुसलेलं दिसतं छान," ती म्हणायची, "पण लवकर नासतं." या कामामुळे एक झालं. जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती कुठल्या ट्रेमधली, हे ती आधी ठरवायची.

दोघींना एकेकच मूल. थोरलीची मुलगी आठ वर्षांची. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण तिला 'झोप' म्हटलं तरी ती 'का' म्हणून विचारते. धाकटीचा मुलगा तिच्याहून वर्षाने लहान. तो काडीसारखा, म्हणून त्याचं नाव पैलवान. दोघांनाही सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूसही गडाबडा लोळेल. आईबापाकडून येतो तो. ज्यांच्या अंगात तो नुसता दडून असतो त्यांना वाहक म्हणतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण नवराबायको दोघेही वाहक असले की मूल त्याच्या तावडीत सापडू शकतं. माझे दोन्ही भाऊ वाहक निघाले, दोघी बहिणीही. मी तेवढी साफ निघाले. त्याकडे कोणी लक्षही दिलं नाही. मला मूलबाळ नाही, मग माझ्या चांगल्या रक्ताचं काय लोणचं घालायचं?

दवाखान्यात बुधवार या मुलांचा असतो. मी दोघी बहिणींना आणि दोन्ही पोरांना व्हॅनमध्ये घालून न्यायचे. त्या वर्षी तिथे नवीन डॉक्टर आल्या, तरुण, बारीक चणीच्या. त्यांनी ठरवलं की प्रत्येक मुलाचा आजार किती जोराचा आहे हे नीट पारखायचं. बोटाला चिमटा लावून रक्तात प्राणवायू किती ते बघायचं, पोट दाबून प्लीहा वाढली आहे का ते बघायचं, डोळ्यांचा पिवळेपणा, उंची, वजन, रक्त. आणि मग प्रश्न. वर्षात किती वेळा इतकं दुखलं की शाळा बुडली? कितीदा भरती केलं? रक्त चढवावं लागलं का? छातीत दुखून धाप लागली होती का? कधी हात लुळा पडला, जीभ अडखळली? शेवटी सिस्टर एक कार्ड पुढे धरायच्या. त्यावर चेहरे काढलेले होते, एका टोकाला खदखदून हसणारा, मग कमी कमी हसणारे, आणि दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारा. "दुखतं तेव्हा तू यातला कोण असतोस?" असं त्या मुलाला विचारायच्या.

मग फाइलीच्या कोपऱ्यावर पट्टी. आजार सौम्य असेल तर हिरवी, मध्यम असेल तर पिवळी, तीव्र असेल तर लाल. पैलवानाला मिळाली हिरवी आणि वकीलबाईला पिवळी.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी तिथेच होते. त्या म्हणाल्या, "ही पट्टी म्हणजे मुलाचे मार्क नाहीत हं. कुणावर किती लक्ष ठेवायचं, एवढीच आमच्यासाठी खूण. आज हिरवं असलेलं मूल उद्या पिवळं होऊ शकतं." धाकटीने मान हलवली. थोरलीने काही ऐकलं नाही. ती दोन फाइलींकडे बघत होती, एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या, आणि मला तिच्या तोंडावरून कळलं की माल ट्रेमध्ये भरला गेला आहे. बहिणीचा पहिल्या, तिचा दुसऱ्या.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसली होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "त्याला अजून पाढे येत नाहीत."

"कोणाला?" मी आरशातून विचारलं.

"कोणाला म्हणजे? माझी वर्गात पहिली येते. तिला पिवळं. आणि तो..." पुढे धाकटी बसली होती म्हणून तिने वाक्य गिळलं. धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, रंगाचं काय घेऊन बसलीस? दोघांना दुखतं तेव्हा सारखंच दुखतं."

"तुला बोलायला काय जातं," थोरली म्हणाली. "तुला मिळालं ना हिरवं."

त्यानंतर वर्षभर उजव्या भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते आता मला माहीत आहे. तेव्हा माझ्या कानावर एवढंच यायचं की थोरलीचा रेडिओ मधूनच फार मोठा होतो. वकीलबाईचे पाय दुखायला लागले की ती दार लावून घ्यायची, रेडिओ मोठा करायची आणि पोरीला गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवायची. फारच झालं तर रिक्षाने दुसऱ्या वस्तीतल्या एका डॉक्टरकडे न्यायची, ज्याला आमचा दवाखानाही माहीत नव्हता आणि धाकटीही. शाळेत पोटदुखी सांगायची आणि घरात "गोदामातल्या मैत्रिणीकडे गेलो होतो" असं. तिची समजूत अशी, की जे दवाखान्याला कळलं नाही ते घडलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे सगळं तिने पोरीवर प्रेम नव्हतं म्हणून केलं, असं कोणी समजू नये. पोरीच्या पायाशी ती सबंध दिवस बसून असायची, तळवे चोळायची, कामावर खाडे व्हायचे. जे जे करता येईल ते करत होती. फक्त धाकटीला दिसू देत नव्हती.

पुढच्या तपासणीआधी तिने पोरीला तयार केलं. आठवडाभर शाळा नाही, धावपळ नाही, तासातासाला पाणी, सकाळ-संध्याकाळ दूध. वहीवर स्वतःच्या हाताने चेहरे काढले आणि तालीम घेतली.

"सिस्टर विचारतील तेव्हा हा दाखवायचा," तिने हसऱ्यावर बोट ठेवलं.

"पण दुखतं तेव्हा मी ही असते," वकीलबाईने रडक्यावर बोट ठेवलं.

"असलीस तरी. हसरा दाखवला की हिरवं मिळतं. पैलवानाला मिळालं, तुला नको?"

या युक्तिवादापुढे वकीलबाई पहिल्यांदा हरली. शेवटी आईचीच लेक. पैलवानाला जे मिळालं ते तिलाही हवंच होतं.

आणि मिळालं. डॉक्टरांनी विचारलं, थोरलीने सांगितलं. काही नाही, काही नाही, नाही हो, कधीच नाही. पोरीने हसरा चेहरा दाखवला. तपासणीत रक्त थोडं कमी भरलं, पण शंका घ्यायला डॉक्टरांच्या हाताशी तेवढंच होतं. फाइलीवरची पिवळी पट्टी काढून हिरवी लागली. पैलवानाचं त्याच वर्षी बिनसलं होतं. ताप येऊन छाती भरली, आठ दिवस नळ्या लावून पडला होता. त्याला लाल मिळाली.

त्या संध्याकाळी थोरलीने बहिणीवर जेवढी माया केली तेवढी अख्ख्या जन्मात केली नसेल. धाकटीकडे डबा नेऊन दिला, तिचे कपडे वाळत घातले, पैलवानाच्या डोक्यावरून हात फिरवून "होईल हो बरं" म्हणाली. जिंकलेल्या माणसाला दया परवडते. वकीलबाईला नवीन दप्तर आलं. हिरवं.

पण सुख फार दिवस टिकलं नाही. लाल पट्टीच्या मुलांना डॉक्टरांनी रोजची एक कॅप्सूल सुरू केली. दर महिन्याला बोलावून रक्त बघायच्या आणि मात्रा कमी-जास्त करायच्या. दिवस गेले तसा पैलवान भरायला लागला. गालांवर मांस आलं, दुखणं थांबलं, गॅलरीत चेंडू आपटायला लागला. एकदा त्याने वकीलबाईला जिन्यावर शर्यतीत हरवलं. थोरली हे दारातून बघत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाल मिळून हा फुगतोय कसा?" तिने मला विचारलं.

"औषधाने," मी म्हटलं.

"मग माझीला का नाही दिलं?"

"तुझी हिरवी आहे ना. तिला गरज नाही, असं डॉक्टर समजतात."

मला आठवतं, मी तेव्हा सहज म्हटलं होतं की वकीलबाई हल्ली व्हॅनमध्ये भांडत नाही. पूर्वी खिडकीच्या जागेसाठी ती पाच मुद्दे मांडायची, आता मिळेल तिथे बसून डोळे मिटते आणि डोकं दुखतं म्हणते. "शहाणी झाली," थोरली म्हणाली. आणि रेडिओ लावायला आत गेली.

मग ते मशीन आलं. आमच्या दवाखान्यात ते नव्हतं. मोठ्या इस्पितळाने दोन दिवसांसाठी पाठवलं होतं. कानाजवळ कानशिलावर ते टेकवलं की डोक्यातल्या नसांमधून रक्त किती वेगाने धावतंय ते कळतं. वेग फार असेल तर नस आकसलेली असते, आणि अशा मुलाचं एखाद्या दिवशी अर्ध अंग लुळं पडू शकतं. आधी कळलं तर थांबवता येतं. दोन दिवसांत सगळी मुलं बसणार नव्हती, म्हणून आधी लाल, मग पिवळी, आणि हिरव्यांनी पुढच्या खेपेला यायचं होतं.

धाकटीने सकाळी पैलवानाला न्हाऊ घातलं, भांग पाडला. गॅलरीतल्या बायका चौकशी करून गेल्या. पैलवान सगळ्यांना सांगत होता की त्याला त्याच्या डोक्यातलं रक्त ऐकायला मिळणार आहे. थोरली उजव्या दारात उभी होती. मी व्हॅन सुरू केली, तर मागचं दार उघडून ती पोरीला घेऊन आत बसली.

"तुम्हाला नाही बोलावलं," मी म्हटलं.

"का? माझ्या पोरीला डोकं नाही?" ती म्हणाली. "चालव तू."

मशीनची खोली म्हणजे एरवी ड्रेसिंगची खोली. खिडकीला चादर लावून अंधार केला होता. एक खाट, एक स्टूल, भिंतीला टेकून बाक. पैलवान खाटेवर झोपला होता, कानशिलाला थंड जेल लावलेलं, आणि मशीनमधून शू-शू असा आवाज येत होता, खोलीभर. धाकटी त्याचा पाय धरून बसली होती. थोरली त्या आवाजाकडे अशी बघत होती की जणू कोणी बहिणीला सोनं दिलंय आणि तिला दारातच थांबवलंय.

पैलवानाचं होताच ती पुढे सरकली. "हिचंही करा."

डॉक्टरांनी फाइल बघितली. "ही हिरवी आहे. बाहेर एवढी लाल-पिवळी मुलं बसली आहेत. हिचं पुढच्या वेळी नक्की करू."

"आत्ता करा."

"का बरं? तुम्ही आधी सांगितलं नाही असं काही झालंय का?"

त्या साध्या प्रश्नाने थोरलीची कोंडी झाली. खरं सांगावं तर हिरवी जाणार, आणि तीही धाकटीच्या देखत. न सांगावं तर धाकटीच्या पोराचं झालं आणि तिच्या पोरीचं राहिलं. मला वाटलं ती आता पोरीचा हात धरून बाहेर पडेल. तिने दाराकडे बघितलंही. तेवढ्यात धाकटी मायेने म्हणाली, "राहू दे ना ताई. वकीलबाईला कुठे एवढं असतं? पैलवानाने किती सोसलंय."

बस्स. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुझ्या पोराने सोसलंय?" ती वळून म्हणाली. "एकदा भरती केलं, तर गावभर डंका. माझी पोर दर महिन्याला लोळते. कळतंय? दर महिन्याला. उशी फाडते दातांनी. गेल्या महिन्यात तिला उभं राहता येत नव्हतं, मी उचलून संडासला नेत होते. दुसऱ्या डॉक्टरकडे सुया टोचून आणल्या. आणि परवा जेवताना हातातला चमचा पडला तिच्या, उचलताच येईना, बोलायला गेली तर शब्द जड झाले. थोड्या वेळाने झाली बरी. तुझ्याला असं झालंय कधी? माझीला जास्त आहे. माझीला तुझ्यापेक्षा जास्त आहे."

मशीनचा आवाज बंद होता. थोरली धापा टाकत उभी होती, भांडण जिंकल्यासारखी, आणि आपण काय जिंकलो ते तिच्या हळूहळू लक्षात येत होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी सिस्टरच्या हातून चेहऱ्यांचं कार्ड घेतलं आणि वकीलबाईसमोर स्वतः उकिडव्या बसल्या. "दुखतं तेव्हा तू यातली कोण?"

वकीलबाईने आईकडे बघितलं. बोट सवयीने हसऱ्याकडे गेलं.

"खरं दाखव," थोरली म्हणाली.

"कुठलं खरं?" पोरीने विचारलं. "घरातलं की इथलं?"

डॉक्टरांनी बाहेरच्या मुलांना थांबायला सांगितलं आणि वकीलबाईला खाटेवर घेतलं. पुन्हा तो शू-शू आवाज. पण पैलवानाचा होता त्यापेक्षा हा तीक्ष्ण होता, घाईचा. मला व्हॅनचं कळतं म्हणून असेल, पण इंजिन ओढतंय असं मला वाटलं. डॉक्टरांनी एकदा बघितलं, जेल पुन्हा लावून दुसऱ्यांदा बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. थोरली त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावरच्या उजेडाकडे टक लावून बघत होती. आयुष्यभर ती हेच काम करत आली होती, आणि पडद्यावरचं तिला काही कळत नव्हतं.

"वेग फार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चमचा पडला तो इशारा होता. आज आणलंत हे फार बरं केलंत. हिला आता दर महिन्याला रक्त द्यायचं, म्हणजे ते मोठं संकट टाळता येईल. उद्यापासूनच सुरू करू. पण यापुढे माझ्यापासून काहीही लपवायचं नाही."

थोरलीने मान हलवली. मग विचारलं, "आणि त्याचं?"

"कुणाचं?"

"पैलवानाचं."

"त्याचं व्यवस्थित आहे."

तिने डोळे मिटले. धाकटीने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. धाकटी तरी वाईट वाटून घेणारी नाही; तिने पैलवानाचा टॉवेल पुढे केला, वकीलबाईच्या कानशिलांवरचं जेल पुसायला. थोरलीने टॉवेल हिसकावून घेतला आणि दोन्ही कानशिलं पुसली. पुसून झाली तरी पुसत होती, शेवटी पोरच म्हणाली, "आई, निघालं सगळं."

त्या दिवशी फाइलीवर लाल पट्टी लागली. थोरलीने ती बघितलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीत. जेवढं रक्त न्याल तेवढं घरच्यांनी जमेल तसं द्यावं, अशी तिथली रीत. थोरली सगळ्यांच्या पुढे, बाही कोपराच्या वर सारलेली. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "मुलीची आई? मग तुम्ही वाहक असणार. तुमचं नाही घेता येणार."

"माझी मुलगी आहे ती," थोरली म्हणाली.

"म्हणूनच."

माझ्या थोरल्या भावाचं चाललं नाही. धाकटीने हात पुढे केला, तिचंही नाही. धाकट्या भावाचंही नाही. मग त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, आणि अख्ख्या घराने वळून माझ्याकडे बघितलं. मला ते नवीन होतं.

मी खुर्चीत पडून मूठ उघडत-मिटत होते. पिशवी टेबलाखाली हळूहळू भरत होती. माझं रक्त काही थेट वकीलबाईला जाणार नव्हतं. ते फ्रीजमध्ये ठेवणार, आणि तिला तिच्याशी जुळणारी दुसरी पिशवी देणार, असं त्या माणसाने नीट सांगितलं. थोरलीने ऐकलं नाही, नेहमीसारखंच. ती माझ्याशेजारी उभी राहून त्या नळीकडे बघत होती. धाकटीच्या हाराकडे, कुकरकडे, उन्हाकडे बघताना तिचे डोळे जसे व्हायचे तसे ते झाले होते, पण यात आणखी काहीतरी होतं.

"तुझं चालतं," ती म्हणाली. "माझं चालत नाही."

इतकी वर्षं मी वाट बघत होते की तिने कधीतरी माझा हेवा करावा. आता केला, आणि मला तो तिला परत देऊन टाकावासा वाटला.

"वहिनी," मी म्हटलं, "कुणाचं का असेना, पोचतं तिलाच."

"माहीत आहे."

सुई निघाली. सिस्टरने कापसाचा बोळा ठेवला आणि "दाबून धरा" म्हणून दुसरीकडे गेली. मी हात न्यायच्या आत थोरलीने बोळ्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. इतका दाबला की खांद्यापर्यंत कळ गेली. पुढे आठवडाभर तिथे निळं होतं.

"हळू," मी म्हटलं.

"गप बस," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण त्यासाठी अंगठा काढावा लागला असता. "पुढच्या महिन्यातही लागणार आहे. एक थेंब वाया जायला नको."